जवाचा भरडा आणि घरच्या बिअरचा उतारा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या छंदांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख आला, त्यात घरी बिअर बनवण्याच्या छंदाला दोन परिच्छेद आणि एक चौकट मिळाली होती. लेख एकंदरीत जाणकारीने लिहिलेला होता. चौकटीतील दोन सूचना मात्र मला खटकल्या. उतारा कमी पडला तर पुढच्या वेळी एक किलो माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) जास्त घ्यावे, ही पहिली; आणि घरी चक्की नसल्यास माल्टची मिक्सरमधून बारीक पूड करून घ्यावी, ही दुसरी. पहिली सूचना पाळल्यास पैसे जातात आणि दुसरी पाळल्यास अख्खी दुपार जाते. दोन्ही सूचनांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे दाणा कसा भरडला गेला आहे याकडे कोणी पाहिलेलेच नाही.

प्रथम कायद्याविषयी एक वाक्य लिहिणे आवश्यक आहे. मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो; या देशात घरच्या वापरापुरती बिअर बनवण्यासाठी १९६३ पासून परवाना लागत नाही, फक्त ती विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे, तेव्हा पुढील मजकूर तेथील वाचकांनी केवळ माहिती म्हणून वाचावा.

‘उतारा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. माझे बालपण सांगली जिल्ह्यातील ऊसपट्ट्यात गेले आणि वडिलांची पिठाची गिरणी होती, त्यामुळे कारखान्याचा साखर उतारा आणि गिरणीतला भरडा हे दोन्ही विषय घरात रोज कानांवर पडत. शंभर किलो उसातून अकरा किलो साखर निघाली की उतारा अकरा, हा तिथला हिशेब. बिअरच्या बाबतीत टक्केवारी माल्टच्या वजनावर काढत नाहीत. त्या माल्टमधून जास्तीत जास्त जेवढा अर्क निघू शकतो, त्यातील किती आपल्या भांड्यात आला, यावर ती काढतात. उदाहरणादाखल, एक किलो चांगल्या फिकट माल्टमधून साधारण ३०० ‘लिटर-अंश’ मिळू शकतात, म्हणजे एक लिटर पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.३०० पर्यंत चढावे एवढा अर्क त्यात असतो. पाच किलोंचे झाले १५००. ते २३ लिटर रसात (भरडलेले माल्ट गरम पाण्यात भिजवून गाळलेल्या गोड पाण्यात) वाटले आणि उतारा ७५ टक्के मिळाला, तर विशिष्ट गुरुत्व मोजणारा हायड्रोमीटर सुमारे १.०४९ दाखवेल, उतारा ६० टक्क्यांवर अडकला, तर तोच आकडा १.०३९ च्या आसपास राहील. आंबवल्यानंतर पहिल्या रसाची बिअर पाच टक्के मद्यांशाच्या जवळ जाते, तर दुसऱ्याची चार टक्क्यांच्या आगेमागे थांबते. धान्य तेच, पाणी तेच आणि वेळही तेवढाच, तरीही हा फरक पडतो.

माझी स्वतःची पहिली तीन वर्षे या ६० च्या आकड्याशी झगडण्यात गेली. मी भरडलेले माल्ट एका दुकानातून पिशवीबंद आणत असे. उतारा कमी येतो म्हणून आधी जवाची जात बदलली आणि १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये तयार झालेले, इथल्या लोकांच्या विशेष आवडीचे ‘मॅरिस ऑटर’ घेऊ लागलो. मग पाण्यात क्षार घातले, नवा थर्मामीटर आणला आणि धुवणीचा, म्हणजे चोथ्यातली साखर गरम पाण्याने धुऊन काढण्याचा, वेळ वाढवला. आकडा दोन-तीन टक्क्यांपलीकडे हलेना. शेवटी एके रात्री भांडे घासताना चोथ्यातील एक दाणा सहज नखाने फोडून पाहिला, तर आतला गाभा पांढरा आणि कडक होता. वडील गिरणीत पीठ पडू लागले की ते अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहात आणि मगच डबा पुढे सरकवत. ज्या माणसाने हे शंभर वेळा पाहिले होते, त्याने तीन वर्षांत एकदाही पिशवीत हात घालून पाहिले नव्हते. पाहिल्यावर दिसले ते असे, की मूठभर भरड्यात दहा-बारा दाणे तर अख्खेच होते आणि कित्येकांना नुसती चीर गेली होती. दुकानदाराचा यात लबाडीचा हेतू होता असे मी म्हणणार नाही. बारीक भरडा दिला की ‘रस गळत नाही’ अशी तक्रार लगेच येते, आणि जाड दिला तर गिऱ्हाईक स्वतःलाच दोष देते. अशा वेळी दुकानाच्या चक्कीची फट रुंदच ठेवली जाणार, हे समजण्यासारखे आहे.

दाणा नीट फुटण्याला एवढे महत्त्व का, हे माल्ट म्हणजे काय ते पाहिले की कळते. जव भिजवून त्यांना मोड आणतात आणि मोड वाढण्याआधीच भट्टीत वाळवतात. नाचणी सत्त्व करणाऱ्या घरांना ही रीत नवी नाही. मोड येताना दाण्यात विकरे (एन्झाइम) तयार होतात आणि त्यांनीच पुढे पिठूळ गाभ्याची साखर करायची असते. ही विकरे साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासाभरात आपले काम उरकतात, परंतु त्यासाठी गाभ्यात पाणी शिरले पाहिजे, स्टार्च फुगून मऊ झाला पाहिजे आणि तयार झालेली साखर बाहेर पडायला वाट मिळाली पाहिजे. अख्ख्या दाण्याचे टरफल या तिन्ही गोष्टी अडवते. जाड कणीत पाणी शिरते, पण मध्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत आपण धुवायला घेतलेले असते. भरडा जाड असल्याची शंका असेल, तर तासाऐवजी दीड तास भिजवल्याने काही नुकसान भरून निघते, ते याच कारणाने. स्टार्च असल्यास निळा रंग देणाऱ्या आयोडीनच्या चाचणीवर विसंबणाऱ्यांनी येथे सावध राहावे. रसाचा थेंब निळा झाला नाही, याचा अर्थ रसात स्टार्च उरलेला नाही एवढाच होतो. कणीच्या पोटात किती शिल्लक आहे, हे तो थेंब सांगत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. युरोपियन ब्रुअरी कन्व्हेन्शन या बिअर उद्योगाच्या संस्थेच्या प्रमाण पद्धतीत एकच माल्ट दोन तऱ्हांनी दळून तपासत असत, एकदा तबकडीच्या चक्कीची फट ०.२ मिलिमीटर ठेवून आणि एकदा १ मिलिमीटर ठेवून. मोड आणताना गाभा पुरता मोकळा झालेल्या चांगल्या माल्टमध्ये या दोन दळणांतून निघणाऱ्या अर्कात जेमतेम एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो. मग भरड्याचे एवढे स्तोम कशाला, असे विचारले जाते. परंतु प्रयोगशाळेतला ‘जाड’ भरडाही असा असतो, की त्यात अख्खा दाणा सापडणार नाही; शिवाय तिथे मिश्रण सतत ढवळले जाते आणि पाण्याची कंजुषी नसते. दुकानी पिशवीतला जाड भरडा ही निराळी वस्तू आहे. त्या चाचणीतून निघणारा खरा निष्कर्ष माझ्या मते असा, की सगळे दाणे एकदा नीट फुटले की त्यापुढे बारीक करत जाण्यात फारसा लाभ उरत नाही. म्हणूनच पूड करण्याच्या सल्ल्याला माझा विरोध आहे.

मिक्सरची पाती दाणा चिरडत नाहीत, कापतात, आणि गाभ्याबरोबर टरफलाचेही तुकडे करतात. जवाचे टरफल हा टाकाऊ भाग नव्हे. भिजवलेल्या मिश्रणातून रस गाळताना तळाशी टरफलांचा जो पोकळ थर बसतो, तीच खरी गाळणी असते. भांड्यातली जाळी फक्त त्या थराला आधार देते. टरफलांचा भुगा झाला की थर दबून बसतो, पिठाची लापशी छिद्रे बुजवते आणि नळातून थेंबही येईनासा होतो. मग कोणी ढवळतो, कोणी नळीतून उलट फुंकर मारतो, आणि मी तर एकदा सगळे मिश्रण पंचातून पिळून काढले आहे. भरीस भर म्हणजे टरफलाचा भुगा ७७ अंशांपेक्षा गरम पाण्याने किंवा जास्त सामू असलेल्या पाण्याने धुतला गेला, तर त्यातील तुरट अंश रसात उतरतो आणि तो नंतर काढता येत नाही. भिजवणे, धुणे, उकळणे सर्व एकाच भांड्यात करणारी जी विजेची यंत्रे आता घरोघरी दिसतात, त्यांत पीठ जास्त झाले की पंपाने वर चढवलेला रस धान्यातून झिरपण्याऐवजी मधल्या नळीतून तसाच खाली पडतो आणि धान्याची धुवणी होतच नाही. पीठ तळाशी बसून करपते ते वेगळेच.

म्हणजे हवे आहे ते असे, की टरफल उभे फाटावे, पण त्याचे तुकडे होऊ नयेत, आणि आतला गाभा मात्र रव्यासारखा मोकळा व्हावा. चकलीची भाजणी बारीक हवी आणि लाडवाचे बेसन रवाळ हवे, हे गिरणीवाल्याला बजावून सांगणाऱ्या आपल्या लोकांना ही कल्पना अवघड जाऊ नये. दोन रोलरांची चक्की हे काम करते, कारण ती दाणा कापत नाही, दाबून फोडते. स्कॉटलंडमधील व्हिस्कीच्या कारखान्यांत यासाठी एक साधी लाकडी पेटी वापरतात. तिच्यात एकाखाली एक अशा दोन चाळण्या असतात, वरची सुमारे २ मिलिमीटरची आणि खालची सुमारे ०.२ मिलिमीटरची. नमुना वर घालून पेटी हलवली, की तिन्ही कप्प्यांत टरफल, रवा आणि पीठ वेगवेगळे होते. वजनाने २० भाग टरफल, ७० भाग रवा आणि १० भाग पीठ, हे तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रमाण आहे. घरी ते जसेच्या तसे साधलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. आईने दिलेली रव्याची चाळण आणि मैद्याची चाळण यांवर १०० ग्रॅम भरडा चाळून मी वजने वहीत टिपतो. छिद्रांचे माप कारखान्याएवढे नेमके नसले, तरी मागच्या खेपेशी तुलना उत्तम होते, आणि तेवढ्याने काम भागते.

चक्कीच्या फटीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. भरदार जवाचा दाणा साधारण अडीच मिलिमीटर जाड असतो. बाजारात मिळणाऱ्या अनेक चक्क्यांची फट कारखान्यातून निघताना १.१४ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंचाच्या ४५ सहस्रांश, ठेवलेली असते. ही सुरक्षित बाजू आहे, उताऱ्याची नव्हे. माझ्या चक्कीला ०.९ ते १ मिलिमीटर मानवते, परंतु हा आकडा मी नियम म्हणून देत नाही. रोलरांचा व्यास, त्यांवरचे खाच आणि फिरण्याचा वेग बदलला की त्याच फटीतून वेगळा भरडा पडतो. फट मोजण्यासाठी गॅरेजमध्ये वापरतात ते फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पत्र्यांचे माप) घ्यावे. ते नसेल तर बँकेचे कार्ड चालते, कारण त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर ठरलेली असते. मात्र माप दोन्ही टोकांना घ्यावे. माझ्या चक्कीचा डावा स्क्रू हादऱ्याने सैल होऊन एका बाजूला फट वाढली होती, आणि मी मात्र नेहमी उजवीकडेच मोजत होतो. ड्रिल मशीन लावून चक्की फिरवणाऱ्यांनी वेग मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांच्या आसपास ठेवावा. भरधाव फिरवली की टरफलाचे तुकडे होतात. गव्हाचे माल्ट नेहमी वेगळे भरडावे, कारण तो दाणा बारीक आणि कडक असून जवाच्या फटीतून सहज निसटतो. त्याला टरफलच नसल्याने त्याचे तुकडे होण्याची भीतीही नाही. गव्हाचे प्रमाण जास्त असेल तर थर मोकळा राहावा म्हणून इथले लोक मिश्रणात मूठ-दोन मुठी भाताचे तूस घालतात. कोकणात ज्या तुसाने भांडी घासली जात, ते इथे पाकिटातून विकत आणताना मला दर वेळी गंमत वाटते.

आणखी एक युक्ती, जी मला फार उशिरा कळली. भरडण्याआधी दहा मिनिटे माल्टवर किलोमागे सुमारे २० मिलिलिटर पाणी फवारून हाताने कालवले, की टरफल लवचीक होते आणि गाभा कोरडाच राहतो. फट थोडी कमी केली तरी टरफल मग कागदासारखे अखंड सुटून येते. पोहे कांडण्याआधी भात भिजवतात, त्याची आठवण यावी असे हे आहे, पाणी मात्र इथे अगदीच कमी. पाणी जास्त झाले तर रोलरांना चिकटा धरतो आणि मग ब्रश घेऊन बसावे लागते. भरडण्याचे काम आंबवण्याच्या भांड्यापासून दूर, शक्यतो घराबाहेर करावे. माल्टच्या धुळीत बिअर आंबट करणारे जिवाणू भरपूर असतात.

उतारा कमी पडण्याचे खापर प्रत्येक वेळी भरड्यावरच फोडावे, असेही मी सुचवत नाही. नुकसान दोन ठिकाणी होते. एक तर स्टार्चची साखरच पुरती होत नाही, किंवा झालेली साखर चोथ्यात अडकून राहते. पहिल्याचा दोष बहुधा भरड्याकडे जातो आणि दुसऱ्याचा धुण्याकडे. दोहोंतील भेद ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे धुवणीचे पाणी घालण्याआधी, भिजवण्याच्या शेवटी, थोडा रस काढून २० अंशांपर्यंत थंड करून मोजावा. पाच किलो माल्ट १५ लिटर पाण्यात भिजवले असेल आणि सगळ्या स्टार्चची साखर झाली असेल, तर हायड्रोमीटर १.०८४ च्या जवळपास दाखवील. तिथे १.०७० च दिसत असेल, तर जवळजवळ पाचवा हिस्सा अजून दाण्यातच आहे, आणि कितीही धुतले तरी तो येणार नाही. तेव्हा चक्कीकडे वळावे. आकडा बरोबर येऊनही शेवटचा उतारा कमी पडत असेल, तर चक्कीला हात लावू नये. एक किलो धान्य सुमारे लिटरभर रस धरून ठेवते, तो धुऊन काढण्यात आपण घाई करतो आहोत असे समजावे. पिशवीत धान्य बांधून भिजवण्याची जी पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी रूढ केली, तिच्यात गाळणीचे काम कापड करते. तेथे भरडा बराच बारीक चालतो, आणि आपल्या चौकटीतील सूचना त्या पद्धतीपुरती असती तर मी हे पत्र लिहिलेही नसते.

मोजण्याची ही सवय आजची नाही. इंग्लंडमधील हल या शहरातील जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये हायड्रोमीटरने रसाचा अर्क मोजण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली. त्यानंतर लंडनच्या पोर्टर (गडद रंगाची बिअर) बनवणाऱ्यांच्या ध्यानात आले, की ज्या तपकिरी माल्टला ते स्वस्त समजत होते, त्यातून फिकट माल्टच्या मानाने इतका कमी अर्क निघतो, की शेवटी तेच महाग पडते. भाव गोणीचा पाहायचा की रसाचा, हा प्रश्न त्यांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वी आकड्यांनी सोडवला. एक किलो माल्ट जास्त घ्या असे सांगताना आपल्या चौकटीने पुन्हा गोणीचाच भाव पाहिला आहे.

हातचक्की आणल्यानंतर माझा उतारा दुसऱ्याच खेपेला ७५ च्या घरात आला आणि थोडेफार वरखाली होत तिथेच राहिला आहे. तो ८५ वर न्यावा असे मला वाटत नाही. त्यासाठी फट इतकी कमी करावी लागते, की रस गाळायला दोन तास लागतात आणि वाचतो तो जेमतेम अर्धा किलो धान्याचा खर्च. छंदात दर खेपेला तोच आकडा यावा, म्हणजे कृती आखता येते. आकडा मोठा असण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचे वाटते. भरडलेले माल्ट हवेतली ओल लवकर धरते आणि अख्खे महिनोन्‌महिने टिकते, हाही घरच्या चक्कीचा एक फायदा आहे.

चक्की विकत घेण्याची प्रत्येकाचीच तयारी असेल असे नाही. अशांनी दुकानात पिशवी बांधण्यापूर्वी मूठभर भरडा कागदावर पसरून मागावा, अख्खे दाणे दिसल्यास त्याच चक्कीतून दुसऱ्यांदा काढून देण्याची विनंती करावी, आणि भिजवण्याचा वेळ अर्ध्या तासाने वाढवावा. दुकानदार बहुधा नाही म्हणत नाही. मी तीन वर्षे विचारलेच नव्हते.

आपणास विनंती एवढीच, की पुढील अंकात चौकटीतील मिक्सरची सूचना मागे घ्यावी, आणि जागा असल्यास तिच्याऐवजी ‘भरड्यात अख्खा दाणा नसावा आणि टरफलाचा भुगा नसावा’ हे वाक्य छापावे.

आपला,
एक वाचक
लीड्स, इंग्लंड